खपल्यांचा आजार असलेल्या गाभण घोडीला धनुर्वाताची लस द्यावी का?

शहादा तालुक्यातील एका वाचक भगिनींच्या पत्राचा आशय असा: त्यांच्याकडे नऊ वर्षांची मारवाडी घोडी आहे. अडीच वर्षांपूर्वी जून महिन्यात तिला धनुर्वात आणि इन्फ्लुएंझा यांची एकत्रित लस देण्यात आली. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी तिच्या तोंडावर, कानांभोवती आणि पायांवर खपल्या आल्या, केस झडले, पाय सुजले आणि ताप आला. पशुवैद्यक महाविद्यालयात बायोप्सी केल्यावर पेम्फिगस फोलिएशस हे निदान झाले. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने आजार आटोक्यात आला. गेले नऊ महिने एकही नवी खपली नाही, मात्र औषधाचा लहान डोस दिवसाआड चालू आहे. घोडी 10 मार्चला भरवली होती आणि आता, नोव्हेंबरच्या मध्यावर, ती आठ महिन्यांची गाभण आहे. गावातील डॉक्टर म्हणतात की विण्यापूर्वी धनुर्वाताची लस द्यायलाच हवी. चुलत सासरे म्हणतात की लसीनेच घोडी बिघडली होती, आता टोचाल तर घोडीही जाईल आणि पोटातले शिंगरूही. लहान वयात तिला धनुर्वाताच्या लसींचा पूर्ण क्रम झाला होता, रेबीजची लस मात्र कधीच दिलेली नाही. घरचे दुसरे दोन घोडे डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला जाणार आहेत. लस द्यावी की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेली माहिती प्रमाण धरली, तर माझे मत असे आहे की धनुर्वाताची लस द्यावी. मात्र ती एकटीच द्यावी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यावी, आणि त्या दिवशी घोडीची त्वचा आजच्यासारखीच शांत असेल तरच द्यावी. बाकीच्या लसी विण्याआधी देऊ नयेत. हा सल्ला मी घोडी न पाहता देत आहे, म्हणून अंतिम निर्णय आपल्या डॉक्टरांनी तिला तपासून आणि शक्य झाल्यास निदान केलेल्या महाविद्यालयातील तज्ज्ञांशी फोनवर बोलून घ्यावा. तरीही मी या मतापर्यंत कसा आलो हे विस्ताराने सांगतो, कारण जानेवारीपर्यंत परिस्थिती बदलली तर आपल्याला निर्णयही बदलता आला पाहिजे.

आधी चुलत सासऱ्यांचे म्हणणे घेऊ, कारण ते उडवून लावण्यासारखे नाही. पेम्फिगस फोलिएशसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते. त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, पेशी सुट्या होतात, लहान पूयुक्त फोड येतात आणि ते फुटून त्यांच्या खपल्या बनतात. घोड्यांच्या स्वप्रतिकार त्वचारोगांत हाच सर्वाधिक आढळतो. तो नेमका कशाने सुरू होतो हे बहुतेक घोड्यांत कळत नाही, पण आनुवंशिक कल, काही औषधे, कीटकांचे चावे, ताण आणि लसीकरण यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. लसीचे काम प्रतिकार यंत्रणेला जागे करण्याचे असल्यामुळे, आधीच बिथरलेल्या यंत्रणेला ती डिवचू शकते ही शंका तर्काला धरून आहे.

पण आपल्या घोडीच्या बाबतीत ती सिद्ध झाली आहे असे मला वाटत नाही. लस जूनमध्ये दिली गेली आणि खपल्या जुलैच्या आसपास आल्या, म्हणजे ऐन पावसाळ्यात. दमट, उबदार हवा आणि माश्या-डासांचा सुळसुळाट यांच्या काळात हा आजार उसळतो, असा घोड्यांच्या डॉक्टरांचा अनुभव आहे. त्याच सुमारास जंताचे औषध, प्रतिजैविकाचे इंजेक्शन किंवा वेदनाशामक दिले होते का, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. जुन्या चिठ्ठ्या काढून हे अवश्य पाहा. तेव्हा एखादे औषध दिलेले आढळले, तर पुढे त्याच्याबाबत लसीइतकीच सावधगिरी बाळगावी लागेल. एकदा एकामागोमाग घडले एवढ्यावरून लसीला दोषी ठरवता येत नाही, तसेच निर्दोषही ठरवता येत नाही. ही लस संशयित आहे एवढेच धरून चालावे, आणि संशयिताला घरात घ्यायचे तर कारणही तेवढेच मोठे असावे.

धनुर्वाताच्या बाबतीत ते कारण आहे. सर्व पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोडा सर्वाधिक बळी पडतो. या रोगाचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात, म्हणजे ते बाहेरून यावे लागत नाहीत. खिळा रुतणे, नाल बसवताना झालेली बारीक जखम, विताना फाटलेला जननमार्ग, अडकून राहिलेली वार, शिंगराची ओली नाळ, यांपैकी कोणतीही वाट त्यांना पुरते. रोग जडल्यावर महागडे उपचार करूनही निम्म्याहून अधिक घोडे दगावतात. गाभण घोडी येत्या दोन-तीन महिन्यांत जखमेच्या दारातून जाणार आहे, आणि तिचे शिंगरू तर उघडी नाळ घेऊनच जन्माला येणार आहे.

शिंगराची गोष्ट थोडी अधिक सांगायला हवी, कारण ‘पोटातल्या पिलाला आईकडून सगळे मिळतेच’ असा समज सर्वत्र आहे. माणसात आईची प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात. घोडीची वार मात्र ती पलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे शिंगरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मते, आणि त्याला पहिले संरक्षण मिळते ते पूर्णपणे आईच्या चिकातून. विण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत घोडीच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत साठत जातात. म्हणूनच धनुर्वाताची लस विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी देण्याची पद्धत पडली आहे: रक्तातील पातळी वर चढते आणि तीच चिकात उतरते.

आता या निर्णयातील असा मुद्दा, जो गावातल्या चर्चेत सहसा कोणी मांडत नाही. लस दिली नाही आणि विताना घोडीला जखम झाली, तर डॉक्टर धनुर्वाताचे अँटिटॉक्सिन देतील. हे लसीपेक्षा वेगळे औषध आहे. दुसऱ्या घोड्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार प्रतिपिंडांचे ते इंजेक्शन असते. ते दिल्यानंतर काही आठवड्यांनी काही मोठ्या घोड्यांत यकृत एकाएकी निकामी होते. थायलर यांनी दक्षिण आफ्रिकेत सुमारे शंभर वर्षांपूर्वी असा आजार नोंदवला, म्हणून त्याला थायलरचा आजार म्हणतात. 2018 मध्ये, अँटिटॉक्सिननंतर दगावलेल्या एका घोड्यात एक नवा पार्व्होविषाणू सापडला आणि त्यानंतर या आजाराचे कोडे बरेच उलगडले. हा प्रकार विरळा आहे. परंतु ज्या घोड्यांत तो नोंदवला गेला त्यांत नुकत्याच व्यालेल्या आणि त्या वेळी अँटिटॉक्सिन मिळालेल्या घोड्या ठळकपणे दिसतात. म्हणजे आज लस टाळल्याने घोडीला टोचण्यापासून आपण वाचवतो असे होत नाही. टोचण्याची वेळ पुढे ढकलली जाते, आणि तेव्हा हाती उरणारे औषध तिच्या त्या अवस्थेला अधिक जोखमीचे असते. माझे पारडे लसीकडे झुकले ते प्रामुख्याने या कारणामुळे.

शिंगरू गळण्याची भीती मात्र मनातून काढून टाकावी. धनुर्वाताच्या लसीत जिवंत जंतू नसतात, निष्प्रभ केलेले त्यांचे विष असते, आणि गाभण घोड्यांना ती दशकानुदशके याच काळात दिली जाते.

लहान वयात धनुर्वाताच्या लसींचा पूर्ण क्रम झाला होता असे आपण लिहिता. तसे असेल तर दोन सोयी आहेत. एक म्हणजे अडीच वर्षांच्या खंडानंतरही एकच डोस पुरेल, कारण शरीराला जुनी ओळख राहते. दुसरी अशी की धनुर्वाताची प्रतिकारशक्ती पुष्कळ काळ टिकते. युरोपातील काही लसींच्या माहितीपत्रकांत पुढील डोस दोन किंवा तीन वर्षांनी सांगितलेला असतो. तेव्हा घोडी आजही काही प्रमाणात सुरक्षित असण्याची शक्यता आहे. रक्तातील धनुर्वाताच्या प्रतिपिंडांची पातळी मोजता येते. अशी तपासणी कोठे होऊ शकेल याची चौकशी आपल्या डॉक्टरांनी परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, अथवा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात करावी. डिसेंबरच्या मध्यापर्यंत अहवाल आला आणि पातळी भक्कम निघाली, तर लस न देण्याचा निर्णयही मी समंजस मानेन. तपासणी जमली नाही तर तिच्यासाठी जानेवारी हातचा घालवू नका.

तारखेबद्दल. घोडीचा गर्भकाळ साधारण 340 दिवसांचा, पण 320 ते 365 दिवसांपर्यंत पुढे-मागे होतो. 10 मार्चपासून मोजता विण्याचा दिवस 13 फेब्रुवारीच्या आसपास येतो. म्हणजे लसीची मुदत 2 ते 16 जानेवारी. मी यातली आधीची तारीख निवडतो. लसीनंतर त्वचा बिघडणारच असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बिघडण्याची शक्यता अधिक, आणि तसे झाले तर विण्यापूर्वी उपचाराला हाती वेळ राहील. शिवाय जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी आणि माश्या कमी असतात, हाही फायदाच आहे.

लस निव्वळ धनुर्वाताचीच असावी. मागच्या वेळची एकत्रित लस पुन्हा वापरू नये, कारण एका वेळी प्रतिकार यंत्रणेपुढे जितके कमी ठेवू तितके बरे, आणि काही बिनसले तर कशाने बिनसले हे तरी कळेल. याच कारणासाठी लसीच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे जंताचे औषध, नवे खाद्य, नवे फवारे, प्रवास यांपैकी काहीही नको. मेडिकलमधून माणसांची टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लसीची, कुपी आणून घरीच टोचण्याची जी सवय खेड्यांत दिसते, ती या घोडीच्या बाबतीत तरी कटाक्षाने टाळावी. लस घोड्यांसाठीचीच, 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली आणि कधीही न गोठलेली असावी. बर्फाला थेट चिकटून गोठलेली धनुर्वाताची लस पुन्हा पातळ झाली तरी तिचा गुण गेलेला असतो. डॉक्टरांनी लस दिल्यानंतर निदान अर्धा तास थांबावे, कारण तीव्र ॲलर्जी झालीच तर ती काही मिनिटांतच होते आणि तिच्यावरचे इंजेक्शन त्यांच्याच पेटीत असते.

प्रेडनिसोलोनविषयी दोन्ही टोकांच्या चुका होताना मी पाहतो. लस नीट लागावी म्हणून कोणी औषध अचानक बंद करतात. दीर्घकाळ बाहेरून स्टिरॉइड मिळालेल्या घोडीचे शरीर स्वतःचे स्टिरॉइड कमी बनवू लागते, त्यामुळे औषध तोडले की घोडी मलूल होते आणि आजारही उसळू शकतो. उलट कोणी खबरदारी म्हणून लसीच्या दिवशी डोस वाढवतात. मोठ्या डोसाखाली लसीचा परिणाम बोथट होतो आणि टोचल्याचे सार्थक राहत नाही. चालू असलेला दिवसाआडचा लहान डोस जसा आहे तसाच ठेवावा. डेक्सामेथासोन हे दुसरे स्टिरॉइड तर डॉक्टरांनी गर्भाचे दिवस मोजल्याशिवाय वापरू नये, कारण गाभणपणाच्या अखेरीस त्याच्या मोठ्या डोसांनी घोडी लवकर विऊ शकते. स्टिरॉइडवर असलेल्या घोडीचे खूर रोज हाताने पाहावेत. ते गरम लागत असतील, ती पाय आलटूनपालटून टेकत असेल किंवा वळताना कचरत असेल, तर खुराच्या आतल्या भागाची सूज सुरू झाली असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

लसीच्या आदल्या दिवशी घोडीचे तोंड, कान, चारही पाय, खुरांच्या वरची कडा आणि पोटाखालचा भाग यांचे उजेडात फोटो काढून ठेवावेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या आजारात पाय आणि पोट सुजतात, आणि दिवस भरत आलेल्या निरोगी घोडीचेही पोट कासेपुढे सुजतेच. आधीचा फोटो नसेल तर नंतरची सूज कोणती, यावर वाद घालत बसण्याची वेळ येते. लसीनंतर तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहावा. मोठ्या घोड्याचे तापमान विश्रांतीत साधारण 99 ते 101 अंश फॅरनहाइट असते. पहिले दोन-तीन दिवस टोचल्या जागी गाठ, थोडा आखडलेपणा किंवा हलका ताप आला तर घाबरू नये. त्यानंतर पुन्हा चढलेला ताप, तोंडावर किंवा खुराच्या कडेवर नव्या खपल्या, स्पर्श केल्यावर दुखणे, खरारा करू न देणे, ही आजार परतल्याची लक्षणे धरावीत. खपली दिसली तर ती काढून धुऊ नका. तपासणीसाठी तीच सर्वांत उपयोगी असते, आणि बुरशीमुळेही हुबेहूब अशा खपल्या येऊ शकतात, त्यामुळे दरवेळी जुन्याच आजाराला जबाबदार धरणेही बरोबर नाही.

जानेवारी येईपर्यंत खपल्या पुन्हा उठल्या किंवा औषधाचा डोस वाढवावा लागला, तर लस देऊ नये. अशा वेळी शिंगराला जन्मल्यावर धनुर्वाताचे अँटिटॉक्सिन द्यावे. थायलरचा आजार मुख्यतः मोठ्या घोड्यांत दिसतो, त्यामुळे शिंगराबाबत हा मार्ग स्वीकारण्याजोगा आहे. नाळ पूर्ण सुकेपर्यंत डॉक्टर सांगतील त्या जंतुनाशकात दिवसातून काही वेळा बुडवावी, विण्याची जागा लीद काढून, धुऊन, नवा पेंढा टाकून तयार ठेवावी, आणि शिंगराच्या स्वतःच्या लसी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू कराव्यात. घोडीला लस दिलेली असेल, तर मात्र चिकातून आलेली प्रतिपिंडे लसीच्या आड येतात, म्हणून शिंगराची लस चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुरू करावी.

इतर लसींचे थोडक्यात सांगतो. इन्फ्लुएंझाच्या मोठ्या साथी आपल्या देशात 1987 आणि 2008-09 मध्ये येऊन गेल्या आहेत, आणि घोड्यांच्या हर्पिस विषाणूमुळे शेवटच्या महिन्यांत गर्भपात होतात, हे खरे. पण हर्पिसची लस गाभणपणात तीनदा द्यावी लागते आणि तरीही गर्भपात टळेलच अशी हमी नसते. आपल्या घोडीसाठी एवढ्या टोचण्या मला परवडणाऱ्या वाटत नाहीत. हे दोन्ही रोग दुसऱ्या घोड्यांकडून येतात, आणि आपल्या तबेल्यात ते येण्याची वाट मला स्पष्ट दिसते आहे: सारंगखेडा. देशभरातले घोडे तेथे खेटून बांधलेले असतात. घरचे दोन घोडे यंदा पाठवू नयेत, हा माझा पहिला आग्रह. पाठवायचेच असतील तर परतल्यावर त्यांना किमान तीन आठवडे दुसऱ्या जागी बांधावे. त्यांची बादली, खरारा, लगाम आणि शक्यतो मोतद्दारही वेगळा असावा. माणूस एकच असेल तर त्याने आधी घोडीचे काम उरकावे, मग त्यांच्याकडे जावे. यात्रा दत्तजयंतीची आणि लस जानेवारीच्या आरंभी, हे लक्षात घेतले तर हे तीन आठवडे किती मोलाचे आहेत हे आपल्याला दिसेल. घोड्यांसाठी मी इतके कडक सांगत असलो तरी यात्रेचे आकर्षण मला कळते, त्या पंचक्रोशीतल्या माणसाला घोडा घरी ठेवून यात्रा पाहायला लावणे सोपे नाही.

रेबीजची लस निर्जीव असते आणि आपल्याकडे भटक्या कुत्र्यांचा उपद्रव पाहता ती घोड्याला असावी असेच मी एरवी सांगतो. या घोडीला ती पूर्वी कधीच दिलेली नसल्यामुळे शरीराला ती नवीन असेल, म्हणून धनुर्वाताच्या लसीला जोडून नको. व्याल्यानंतर त्वचा शांत राहिली तर स्वतंत्रपणे द्यावी. तोपर्यंत रात्री तबेल्याचे दार कुत्रे शिरणार नाही असे बंद असावे. कुत्रा चावलाच तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. रेबीज घोडीपुरता राहत नाही, तो हाताळणाऱ्या माणसांनाही होऊ शकतो.

विण्याच्या रात्रीसाठी तीन वेळा ध्यानात ठेवा: शिंगरू साधारण एका तासात उभे राहावे, दोन तासांत प्यायला लागावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यांत उशीर झाला तर डॉक्टर बोलवावेत. चीक पहिल्या सहा-आठ तासांत जितका पोटात जाईल तितका उपयोगाचा. चोवीस तासांनंतर शिंगराचे आतडे ती प्रतिपिंडे आत घेत नाही. जन्मानंतर 18 ते 24 तासांनी शिंगराच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी. दर डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर आकडा असेल तर चीक लागला असे समजावे, 400 च्या खाली असेल तर ताबडतोब उपचार लागतील. आईची त्वचेविरुद्धची प्रतिपिंडेही चिकातून शिंगरात जाऊ शकतील अशी एक तात्त्विक शक्यता आहे, पण तेवढ्यासाठी चीक तोडण्याचा विचारही करू नये. पहिले काही आठवडे शिंगराचे तोंड आणि पाय पाहत राहावे, इतकेच.

हिला पुढे पुन्हा भरवावे का, असे आपण विचारलेले नाही, तरी न विचारता सांगतो की मी भरवणार नाही. आजारात आनुवंशिक भाग असण्याचा संशय आहे, आणि प्रत्येक गाभणपणात लस, स्टिरॉइड आणि खूर यांची हीच कसरत पुन्हा करावी लागेल. आत्ता मात्र आपल्या डॉक्टरांना हे पत्र दाखवा, जुन्या चिठ्ठ्या आणि बायोप्सीचा अहवाल एका जागी ठेवा, आणि लस मागवताना ती एकट्या धनुर्वाताचीच हवी हे त्यांना आताच सांगून ठेवा, कारण एकत्रित लस जिथे सहज मिळते तिथे एकटी मिळवायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.